फोनांतील छायाचित्रें

या वार्षिकासाठीं स्नेहसंमेलनाचीं छायाचित्रें द्यावीं, असें आम्हीं विद्यार्थ्यांस सांगितलें, तेव्हां दोन दिवसांत ढीगभर चित्रें आलीं. फोनच्या पडद्यावर तीं मोठीं मोहक दिसत. परंतु छापखान्यांत जातांच बहुतेक अंधुक ठरलीं. त्यांतील एकाविषयीं आम्हांस अद्याप हळहळ वाटते. वर्षानुवर्षें शाळेची घंटा देणारे आमचे वृद्ध शिपाई त्यांत प्रसन्नपणें हंसत होते. पुढें दोनच महिन्यांनीं ते वारले. ज्या मुलानें तें चित्र टिपलें त्यानें फोनमधील जागा भरली म्हणून मूळ प्रत पुसून टाकिली होती. उरली ती मित्रांस पाठविलेली प्रत. असें कां होतें, हें मुलांस व पालकांसही बहुधा ठाऊक नसतें. म्हणून थोडा खुलासा करितों.

फोनच्या भिंगामागें नखाहूनही लहान असा एक प्रकाशग्राही फलक असतो. कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आहे म्हणजे चित्रांत सुमारें १ कोटी २० लक्ष बिंदू मावतात. फलकावरील प्रत्येक सूक्ष्म घर एकच रंग मोजतें; सामान्यतः निम्मीं घरें हिरवा, पाव तांबडा व पाव निळा. ही योजना कोडॅक कंपनीच्या ब्राइस बेयर यांची असून तिचें पेटंट १९७६ सालचें आहे. उरलेले दोन रंग फोन शेजारच्या घरांवरून अनुमानानें भरितो! काळोखांत तर तो लागोपाठ अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक करितो. यास्तव रात्रीं हात स्थिर हवा. आणखी एक गोष्ट. जेथें उजेड अति होऊन कागद कोरा राहावा तसें पांढरें पडतें, तेथील तपशील मागाहून कोणत्याही युक्तीनें परत येत नाहीं. म्हणून टिपण्यापूर्वींच पडद्यावर त्या उजळ भागास बोट लावावें व उजेड किंचित् उतरवावा.

यानंतरचे संस्कार स्नॅपसीडसारख्या अ‍ॅपमध्यें सहज होतात. वाकडें क्षितिज सरळ करावें, निरर्थक कडा कापाव्या, छाया थोडी उजळावी, इतकें आम्हांस मान्य आहे. परंतु एका विद्यार्थिनीनें आपल्या सांवळ्या आजीस गोरें करून दाखविलें, तेव्हां आजीनेंच विचारिलें, “ही कोण गं?”

चित्र टिपावें तें दुसऱ्यास दाखविण्यासाठींच. ११ जून १९९७ रोजीं फिलिप कान यांनीं कॅलिफोर्नियांतील एका प्रसूतिगृहांतून नवजात कन्येचें चित्र फोनच्या साहाय्यानें दूरच्या आप्तेष्टांस धाडिलें, त्यामागेंही हीच हौस होती. मात्र निरोप पोंचविणारीं अ‍ॅप्स चित्र लवकर जावें म्हणून त्यांतील बिंदू कमी करितात व बारीकसारीक छटा गाळितात. गाळलेलें पुन्हा मिळत नाहीं. आणि आलेलें चित्र सजवून पुढें धाडिलें कीं पुन्हा तीच काटछांट. यावर उपाय सोपा आहे. चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावें, म्हणजे तें जसेंच्या तसें जातें. पालकांनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, मूळ प्रतीच्या पोटांत दिवस, वेळ आणि ती सोय चालू असल्यास आपल्या घराचें ठिकाणही नोंदलेलें असतें. तेव्हां ती परक्या माणसाच्या हातीं देऊं नये. घरीं मात्र ती दोन जागीं जपावी, एक फोनमध्यें व एक फोनबाहेर.

शिपाईबुवांचें चित्र या अंकांत शेवटच्या पानावर आहे. टपालाच्या तिकिटाहून मोठें तें छापतां आलें नाहीं.