मूलपेशींची उन्हाळी शाळा

सिकलसेलच्या वेदनांनी तळमळणाऱ्या भावाला घेऊन अकरावीतील एक मुलगी माझ्याकडे आली होती. सलाईन सुरू झाल्यावर तिने विचारले, "डॉक्टरसाहेब, रक्त तयार करणारा कारखानाच दुरुस्त करता येत नाही का?" मी म्हणालो, "येतो." त्यावर ती म्हणाली, "मग ते शिकायला कुठे मिळते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तो कारखाना म्हणजे अस्थिमज्जेतील मूलपेशी. निरोगी भावंडाची मज्जा जुळल्यास प्रत्यारोपणाने हा आजार बरा होऊ शकतो. २०२३च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत क्रिस्पर तंत्रावर आधारित उपचारास मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच मूलपेशी काढून, त्यांतील जनुकीय नियंत्रण बदलून त्या परत देतात. जन्मानंतर मंदावलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणे थांबते. अमेरिकेतील किंमत मात्र २२ लाख डॉलर!

हे ज्ञान शाळकरी वयातच रुजावे, म्हणून कॅलिफोर्नियाच्या पुनर्जनन वैद्यक संस्थेने 'स्पार्क' हा उपक्रम आखला. २००४मध्ये मतदारांनी कौल देऊन ही संस्था उभी केली. उपक्रमातील विद्यार्थी उन्हाळ्याची सुटी प्रयोगशाळेत घालवतात, संशोधकाच्या हाताखाली पेशी वाढवतात आणि शेवटी आपले काम सर्वांसमोर मांडतात. आपल्याकडे 'इन्स्पायर'ची पाच दिवसांची शिबिरे होतात. त्यांतून विज्ञानाची ओळख होते, पण हात बसत नाही.

तिरोडीत पेशीसंवर्धन शक्य नाही, हे उघड आहे. परंतु पालकांच्या संमतीने एका विद्यार्थ्याला उन्हाळ्यात पंधरा दिवस आपल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बसवणे अशक्य आहे काय? रक्ताला हात न लावता, रुग्णाचे नाव न कळता, तयार काचपट्टीवरील वाकलेली पेशी त्याने पाहावी, मोजावी, नोंदवावी. संशोधनाचा श्रीगणेशा असाच होतो.

याचा दुसराही लाभ आहे. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारादींसाठीच्या मान्य प्रत्यारोपणाखेरीज मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचण्यांतच करता येतो. तरी मतिमंदत्व, स्वमग्नता 'बरी' करण्याच्या जाहिरातींना भुलून पालक शेत विकतात. घरातील एक समजदार मूल ते शेत वाचवू शकते.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातील शहडोलहून सुरू झाले. उद्दिष्ट २०४७चे आहे. तेव्हा आजची ही मुले ऐन कर्त्या वयात असतील. डॉक्टर बंधू-भगिनींनो, येत्या उन्हाळ्यात आपल्या लॅबमध्ये एक खुर्ची रिकामी ठेवावी, ही नम्र विनंती. पहिले नाव मी त्या मुलीचे सुचवणार आहे.