फिल्म आणि शीतगृह

भोपाळच्या बाजारपेठेतील आपल्या सभासदांस बटाट्याचे शीतगृह नवे नाही. माल थंडीत ठेवला म्हणजे त्याचा नाश लांबतो, हे प्रत्येक आडत्यास ठाऊक असते. छायाचित्राच्या फिल्मलाही हाच हिशेब लागू पडतो, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी येते.

१९५० च्या सुमारास ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मची जागा अ‍ॅसिटेट फिल्मने घेतली. नायट्रेट किती घातक, हे ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यास दिसले. तेथील कोठारास आग लागून जुन्या चित्रपटांच्या अनेक प्रती भस्मसात झाल्या. अ‍ॅसिटेट तशी भडकत नाही, परंतु जुनी झाली म्हणजे तिला शिरक्यासारखा आंबट वास येतो, ती आक्रसते व वाकडी होते. त्यातून निघणारे आम्लच पुढे तो विकार वाढवीत जाते. संशोधकांच्या अनुमानाप्रमाणे २१ अंश सेल्सियस उष्णता व ५० टक्के आर्द्रता असता ताज्या फिल्मला हा विकार जडण्यास सुमारे ४० वर्षे लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंश ओलांडतो आणि पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. तेव्हा ती मुदत किती घटत असेल, हे वाचकांनीच ताडावे. रंगीत फिल्मचे रंग तर अंधारातही फिके पडतात.

हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न नव्हे. डिसेंबर १९८४ मधील आपल्या शहरावरील वायुसंकटाची रघु राय व पाब्लो बार्थोलोम्यू यांनी टिपलेली चित्रे फिल्मवरच उमटली. आपल्या घरोघरच्या लग्नांच्या, दुकानांच्या उद्घाटनांच्या निगेटिव्हही तशाच कपाटात पडून आहेत.

घरच्या रेफ्रिजरेटरचा उपयोग अवश्य करावा, परंतु जपून. थंडी हितकर, ओल घातक. फिल्म कोरडी असताना हवाबंद पिशवीत, आणि ती पिशवी पुन्हा दुसऱ्या पिशवीत ठेवावी. प्रस्तुत लेखकाने एका आषाढात वडिलांच्या निगेटिव्हचे पाकीट बाहेर काढताच घाईने उघडले. क्षणात थंड फिल्मवर दव धरले, दोन पट्ट्या एकमेकींस चिकटल्या आणि आजोबांच्या दुकानाचे एकुलते एक चित्र गेले. त्यासाठी बंद पिशवी खोलीच्या उष्णतेस येईपर्यंत काही तास तशीच राहू द्यावी. मोठा डबा असल्यास रात्रभर. आंबट वासाची फिल्म मात्र इतरांपासून निराळी काढून प्रथम तिचीच नक्कल करून घ्यावी. थंडीने तिचा बिघाड मंदावतो, पण झालेली हानी भरून येत नाही.