खाटेशेजारच्या माणसाची तब्येत



सातपुड्यातल्या एका पाड्यावर लकवा झालेल्या एका काकांना भेटायला मी सहा महिने जात होते. दर वेळी तेच प्रश्न: जेवले का, गोळ्या दिल्या का, पाठीला जखम नाही ना? मग प्रार्थना करून निघायचे. काकूंची चौकशी मात्र मी एकदाही केली नाही. दिवाळीनंतर दोन्ही मुलगे ऊसतोडीला गुजरातेत गेले आणि एका सकाळी काकू चुलीपाशीच चक्कर येऊन पडल्या. बीपी फार वाढले होते. त्यांच्या स्वतःच्या गोळ्या तीन महिने बंद होत्या. म्हणाल्या, "ताई, दवाखान्यात जाऊन यायला अख्खा दिवस जातो. यांच्यापाशी कोण बसणार?"

बीपी वाढले तरी बहुतेकदा काही जाणवत नाही, म्हणून आपली गोळी चुकली तर चालेल असे वाटते. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या मोफत मिळतात. अडचण तिथवर पोचण्याची असते. आता आशाताईंशी बोलून दोघांच्या गोळ्यांचा दिवस एकच ठरवला आहे. घरी गेले की मी दोघांचीही कार्डे बघते.

दुसरे दुखणे कंबरेचे. काकू काकांना बगलेत हात घालून ओढत. त्याने त्यांची कंबर जाते आणि लकव्याचा खांदाही दुखावतो. जुन्या लुगड्याची घडी रुग्णाच्या कमरेखाली घालावी, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरावी, गुडघे वाकवून उचलावे. रुग्ण स्वतः उठत नसेल तर खाटेच्या पायांखाली विटा द्याव्यात, म्हणजे सतत वाकावे लागत नाही.

आणि झोप. रात्री तीन-चारदा उठणारीने दुपारी रुग्णाबरोबर झोपावे, भांडी राहू द्यावीत. मन फारच खचले तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येते (पाड्यावर रेंज मिळाली तर!). एलीया झुडुपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर-पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, मग पुन्हा खायला उठवले.

म्हणून मंडळीतल्यांना विनंती आहे: भेटीला जाल तेव्हा चहा घेऊन लगेच उठू नका, दोन तास बसा. आमच्या महिला मंडळाच्या दोघी आता दर बुधवारी काकांपाशी बसतात. पहिल्या बुधवारी आम्हाला वाटले, काकू बाजाराला जातील. त्या शेजारच्या घरात गेल्या आणि संध्याकाळपर्यंत झोपल्या.