चाव्या कपाटाच्या आणि संगणकाच्या

दि. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. संप नव्हता, वादळही नव्हते. टर्मिनल चालविणाऱ्या मर्स्क उद्योगसमूहाच्या संगणकांत 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्राम शिरला होता. युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या आडून निघालेल्या या संकटाने मर्स्कचे वीस ते तीस कोटी डॉलरांचे नुकसान केले. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या बुलढाण्यातील कारकुनाला त्याचे काय, असे कोणी विचारील. पण ज्या वाटेने हा प्रोग्राम पसरला, ती वाट विंडोज वापरणाऱ्या कोणत्याही कचेरीत असू शकत होती.

कचेरीच्या खिडकीशी अर्ज देणाऱ्यास अभिलेखकक्षात प्रवेश नसतो. संगणकातही सामान्य प्रोग्राम खिडकीबाहेर राहतात. सर्वाधिकार असतात ते कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला. जाळ्यावरून फायलींची देवघेव करणारा विंडोजचा एक ड्रायव्हर या गाभ्यातच चालत असे. आलेल्या मजकुराला किती जागा लागेल, या हिशेबात त्याची चूक होई. राखून ठेवलेल्या जागेबाहेर मजकूर सांडे, आणि तो कावेबाजपणे रचलेला असला तर गाभ्याच्या अधिकाराने आज्ञा म्हणून पाळला जाई. अर्जदार एकदम अभिलेखपाल होई!

मायक्रोसॉफ्टने यावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच विनामूल्य दिली होती. मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने याच चुकीचा फायदा घेऊन जगभर हाहाकार माजविला. तरीही जूनमध्ये असंख्य यंत्रे दुरुस्तीवाचून होती. दुरुस्ती फुकट असली तरी ती बसविण्यासाठी काम थांबवावे लागते, आणि त्या थांबण्याची तरतूद कोणत्याच अंदाजपत्रकात नसते. शिवाय हयगय करणाऱ्याचे नुकसान त्याच्यापुरते राहत नाही. शेजाऱ्यालाही त्याची झळ पोहोचते.

केवळ दुरुस्तीने मात्र भागले नसते. एका यंत्रातून प्रशासक-खात्याचे परवलीचे शब्द चोरून नॉटपेट्या दुरुस्त यंत्रांतही शिरत होता. सर्वांना सर्वाधिकार देण्याची सोय तेथे महागात पडली.

आज बुलढाणा, चिखली, मेहकरच्या कचेऱ्यांतून सातबारे, वेतनपत्रके, पतसंस्थांची खाती हे सारे संगणकावर आहे. बदली झालेला कर्मचारी कार्यभार सोपवितो तेव्हा कपाटांच्या चाव्या मोजून घेतल्या जातात. प्रशासक-खात्याचा परवलीचा शब्द त्या दिवशी बदलला जातोच, असे नाही.