गुढीसह माणूस

चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभी राहिली, नैवेद्य झाला, की घरोघरी छायाचित्राची लगबग सुरू होते. मुलुंड आणि भांडुप यांच्या मधोमध वसलेल्या नाहूरमध्ये या छायाचित्राला वेगळेच मोल आहे. लाल बहादूर शास्त्री मार्गालगतचे कारखाने जाऊन तेथे उंच इमारती आल्या; बैठ्या घराचा ओटा आणि अंगण पुढल्या पाडव्याला असेलच, याची शाश्वती कोणी द्यावी? अशा वेळी पार्श्वभूमी पुसट करून आजीचा केवळ चेहरा टिपणे आम्हांस कृपणपणाचे वाटते. चेहरा देखणा येतो, हे खरे. घर मात्र हरवते.

येथे वाइड अँगल भिंग कामी येते. अरुंद गल्लीत मागे सरकायला जागा नसते. उभ्या धरलेल्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात २४ मिलिमीटरच्या भिंगाने ३ मीटरांवरून साडेचार मीटर उंची मावते. ५० मिलिमीटरला त्यासाठी सव्वासहा मीटर मागे जावे लागेल. बहुतेक मोबाइलचे मुख्य भिंगही याच जातीचे असते.

या भिंगाने नाक मोठे दिसते, ही तक्रार जुनीच. दोष भिंगाचा नसून जवळिकीचा आहे. नाक ३० सेंटिमीटरांवर असेल, तर कान सुमारे ४२ वर जातात आणि नाक उगाच भाव खाते. दीड मीटर अंतर ठेवा, हा फरक नगण्य होतो. चेहरा चौकटीच्या कडेला मात्र नेऊ नये. तेथे तो ताणला जातो. कुटुंबाच्या छायाचित्रात टोकाला उभ्या राहणाऱ्या जावयाची यातून सुटका नाही!

कॅमेरा वर उचलला, की वेळूची काठी आणि भिंती आत झुकतात. तो छातीच्या उंचीवर सरळ धरावा. खालच्या निम्म्या चौकटीत अंगण येते, आणि तेथे रांगोळी आहेच.

संगीतकार स्ट्राव्हिन्स्की यांचे अर्नोल्ड न्यूमन यांनी १९४६ साली घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात पियानोचे काळे झाकण चौकट व्यापते आणि संगीतकार कोपऱ्यात बसतो. ज्या मासिकासाठी ते काढले, त्याने ते नाकारले होते. आमच्या आजीला कोपऱ्यात बसवा, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु गुढीला, तुळशीला, दाराच्या तोरणाला चौकटीत मानाची जागा द्यावी.

कोवळे ऊन बाजूने घ्यावे. पाठीशी घेतले, तर छायाचित्रकाराची सावली रांगोळीवर पडते. पश्चिमाभिमुख दारांनी सकाळी घाई करू नये. सूर्यास्तापूर्वी गुढी उतरविण्याच्या सुमारास तिरपे ऊन त्यांच्या ओट्यावर येते.