चंद्राकडे जाण्याच्या दोन वाटा

अद्भुतकथेतला गालिचा उडतो, तेव्हा तो कशाच्या जोरावर उडतो असे आपण विचारीत नाही; विचारले तर गोष्टच संपते. विज्ञानकथेत मात्र हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क असतो. झूल व्हर्नने १८६५ साली आपले प्रवासी ९०० फूट लांबीच्या तोफेतून चंद्राकडे धाडले. तोफ सुटताच त्या धक्क्याने त्यांचा चेंदामेंदाच व्हावयाचा, हे आपण गणित मांडून दाखवू शकतो. अशी चूक पकडता येते, हेच त्या कथेचे कूळ सांगते.

एच. जी. वेल्सने १९०१ साली गुरुत्वाकर्षण अडविणारे द्रव्यच कल्पिले. म्हातारा व्हर्न यावर चिडला. तो धातू आधी दाखवा, असे त्याचे म्हणणे. राग समजण्याजोगा आहे, पण निवाडा आम्हांस पटत नाही. वेल्सने सवलत मागितली ती एकच. पुढचा सारा हिशेब तो चोख देतो: त्या द्रव्याचा पहिला पत्रा तयार होताच त्याच्यावरची हवा वजन हरपून वर उसळते, आणि संशोधकाच्या घराचे छप्परही तिच्याबरोबर जाते. जादूगाराचे छप्पर असे कधी उडालेले आम्ही तरी वाचलेले नाही.