गोड पाण्याला औषध म्हणावे काय?

मूल आजारी पडले म्हणजे आईबापांच्या मनात दोन विचार येतात. "काही जालीम औषध द्या, पण लवकर बरे करा," हा एक. आणि "एवढ्याशा जिवाला औषधांचा मारा नको," हा दुसरा. दोन्ही मायेपोटीच येतात. पण जुलाबाच्या दुखण्यात दोन्हींमुळे मुलाचे नुकसान कसे होते, ते आज पाहू या.

पावसाळा लागला की लहान मुलांना जुलाब होऊ लागतात. घरातली आजी म्हणते, "दात येताहेत, व्हायचेच. पाणी नका पाजू, आणखी होतील." दुसऱ्या दिवशी पोराचे डोळे खोल जातात, टाळू बसते. मग धावपळ. दवाखान्यात पाऊल टाकताच बाप म्हणतो, "डॉक्टरसाहेब, सुई मारा, सलाईन लावा." डॉक्टरांनी मीठसाखरेची पुडी दिली की त्याचा चेहरा उतरतो. एवढ्यासाठी का तालुक्याला आलो?

मंडळी, जुलाबात मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. गळक्या रांजणात गळते तितके पाणी ओतत राहिलो, तर तो कोरडा पडत नाही. मात्र नुसते पाणी पुरत नाही. ग्लुकोजची साखर आणि मीठ योग्य प्रमाणात असली म्हणजे ती जोडीने आतड्याच्या अस्तरातून आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणीही जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते. पुडीत हेच साधलेले आहे.

याची मोठी परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा त्यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते रोग्यांच्या नातेवाइकांकडूनच पाजविले. पूर्वी शेकडा ३० पर्यंत होणारे मृत्यू शेकडा ४ च्या आत आले. डॉक्टरांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

मग विश्वास का बसत नाही? कारण या पाण्याने जुलाब लगेच थांबत नाहीत. ते त्याचे काम नव्हेच! गेलेले पाणी भरून काढणे हे त्याचे काम. मोठ्या माणसांची जुलाब थांबवण्याची गोळी मात्र अर्धी करूनही लहान मुलाला देऊ नका. ती घातक ठरू शकते.

पुडीवर लिहिले असेल तितक्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ती सबंध पुडी मिसळा. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतील मुलाला पाव ते अर्धा पेला, चमच्याचमच्याने पाजा. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्या. उरलेले पाणी २४ तासांनी फेकून द्या. अंगावरचे दूध, पेज, मऊ भात चालू ठेवा.

आता दुसरा विचार. डॉक्टर बरोबर झिंकच्या गोळ्या १४ दिवसांसाठी देतात. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की आई म्हणते, "बरं झालं ना, आता कशाला?" आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. पण त्या पुरत्या घेतल्या तर पुढच्या काही महिन्यांत पुन्हा जुलाब लागण्याची भीती कमी होते.

मूल सुस्त झाले, पाणी पिईना, किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर मात्र घरी थांबू नका. तेव्हा दवाखानाच गाठायचा, आणि वाटेतही पाणी पाजत राहायचे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. एखाद्या शनिवारी लिटरचे माप आणि चमचा घेऊन मुलांकडून हे पाणी वर्गात करवून घ्या. चव अश्रूंहून खारट लागता कामा नये, हेही त्यांना समजू द्या. घरी धाकटे भावंड आजारी पडेल तेव्हा आजीला "पाणी पाजायचं असतं गं" असे सांगणारे एक माणूस घरातच असेल.